कै नावाची खोली

हॅलो?… हो, बोल… नाही, जेवले नाही अजून. पण झालं एकदाचं ते फंक्शन… अरे तेच, टेबलांची नावं तोडणारं… लाकडी टेबलं नाहीत रे, डेटाबेसमधली. आठवडाभर तेच तर ऐकवतेय तुला.

आपल्या घर हलवायच्या खोक्यांवर लिहिलंय ना, तसंच. टिंबाच्या आधी खोली, टिंबानंतर वस्तू. खोली सापडली तर ठेवायचं, नाही सापडली तर कायमचं पुसायचं. साहेब जेवून आले की चालवणार.

ते जाऊ दे, सामानाची गाडी आली?… आणि भंगारवाला?… दोघंही आले, मग अडलंय कुठे?

कुठलं खोकं?… नीट वाच ना काय लिहिलंय… 'कै.' बरं, टिंब, पुढे?… 'ह्यांचा रेडिओ.'

अरे… आणि ते तू भंगारात दिलंस?

हो, हो… मीच सांगितलं होतं, नव्या घरात ज्याची खोली नाही ते भंगारात. पण म्हणून तू कै नावाची खोली शोधत बसलास?… बाल्कनीसुद्धा धरलीस. धन्य आहे.

कै म्हणजे कैलासवासी रे. तुझे बाबा… मग, अक्षर आईंचंच असणार. त्यांना कुठे माहीत आपलं टिंबांचं शास्त्र.

ऐक ना… अरे ऐक. आई कुठे आहेत?… भंगाराच्या टेम्पोत?… खोक्यावर बसल्यात?… आणि भंगारवाला?… तो हात जोडून उभा. बरोबर आहे, तो तरी काय करणार बिचारा.

हसू नकोस. रडतायत का त्या?… मग तू पण चढ वर. समजावू नकोस, नुसता शेजारी बस. बाबा गेल्यापासून रोज पुसतात तो रेडिओ, लावला नाही एकदाही.

काय म्हणतायत?… 'चौकट दिसली नाही का?' कसली चौकट?… नावाभोवती, लाल पेनाने. म्हणजे चौकटीतलं सगळं मिळून एकच नाव, मध्ये तोडायचं नाही… असं म्हणाल्या त्या?

थांब. एक मिनिट थांब.

अरे, आमच्या हिशेबवाल्यांच्या टेबलांची नावं अशीच असतात. 'मा. ग्राहक'. सगळं मिळून चौकोनी कंसात. आणि माझं फंक्शन कंस बघतच नाही, टिंब दिसलं की तोडतं… मग ते 'मा' नावाची खोली शोधणार…

हो ना. बाल्कनीसुद्धा बघेल, तुझ्यासारखं. आणि नाही सापडली की…

हो. भंगारात. सगळेच्या सगळे ग्राहक.

नाही, अजून चालवलं नाही, सांगितलं ना, साहेब जेवून… आले. ढेकर देत आले. सरळ मशीनकडेच निघालेत.

ऐक, आईंना सांग, खोकं चांगल्या गाडीत चढेपर्यंत उठायचं नाही म्हणावं… नंतर, नंतर सांगते सगळं. ठेव तू.

अरे ठेव ना… मलाही जाऊन साहेबांच्या कीबोर्डवर बसायचंय.