कापायचा कुत्रा

टोकियोतल्या निशी-कसाई भागातल्या दवाखान्यात नंबरची वाट बघणाऱ्या शशांकला मागच्या बाकावरून मराठी ऐकू आलं.

"बाबा, माझ्या प्रत्येक डिझाइनमधून आमचे बॉस ओकाबे-सान काहीतरी काढायला लावतातच."

"मग जुई, काढण्यापुरतं काहीतरी घालत जा. सोव्हिएत काळात मॉस्कोत मी ज्या लेखकाची पुस्तकं मराठीत करायचो, तो प्रत्येक पटकथेत उगाचच एक कुत्रा घालायचा. सेन्सॉरवाले कुत्रा कापून खूश, बाकीचं सुटायचं."

"दर वेळी?"

"एकदा सेन्सॉरच्या साहेबाला कुत्राच आवडला. त्यानं बाकीचं कापलं."

"अरेरे. मग?"

"मग काय, सिनेमा कुत्र्याचा झाला. तिकडची पोरं अजून बघतात."

"म्हणजे घालू की नको?"

शशांकचा नंबर पुकारला गेला. तो उठला नाही.

"घाल की. फक्त कुत्रासुद्धा मन लावून घडव."