अंजिरांचं माप

झोपिरोस : एवढा एक शब्द सोडून सगळं कोरून झालंय. 'कोस बेटाच्या बाजाराचे अधिकारी फिलिस्कोस आणि मोस्खिओन यांनी वर्षभराचं काम संपवून अफ्रोदिती देवीला हा दगड अर्पण केला.' पुढे 'एकोप्याने' येतं. ते काही मी कोरत नाही.

फिलिस्कोस : का? तुझ्या बापापासून दरवर्षीच्या जोडीच्या दगडावर आहे तो शब्द.

झोपिरोस : त्या जोड्या एकमेकांशी बोलायच्या. तुम्ही दोघं एका बाकावर बसलाय आणि मघापासून माझ्या तोंडून निरोप धाडताय. देवीसमोर खोटं कोरलं तर माझा हात झडेल.

मोस्खिओन : झोपिरोस, त्याला सांग, उद्या देवळात अख्खं गाव दगड वाचणार. शब्द नसला तर हसतील.

फिलिस्कोस : त्याला सांग, हसू देत. द्राक्षं उतरली तेव्हापासून मला हसतायतच.

झोपिरोस : ही ठेवली छिन्नी खाली. आधी काय झालं ते सांगा. गावात तीन तऱ्हेने ऐकलंय मी.

फिलिस्कोस : काय होणार? याने माझ्या बायकोचं, मिर्तिसचं, अंजिरांचं माप फोडलं. भर बाजारात, हातोड्याने. तीन दिवस बिचारी दुकानावर गेली नाही. अरे, आम्ही एकाच होडीवरून उड्या मारत पोहायला शिकलो. माझ्या लग्नात मशाल धरून हाच पुढे नाचत होता. आणि मला आधी एका शब्दाने सांगितलं नाही.

मोस्खिओन : बुडाशी दोन बोटं मेण थापलेलं होतं. खोटं माप दिसलं की तिथल्या तिथे फोडायचं, ही शपथ आपण दोघांनी घेतली होती ना? तुला आधी सांगितलं असतं, तर तू घरी जाऊन गुपचूप मेण खरवडलं असतंस. मग बाकीच्यांची मापं मी कुठल्या तोंडाने फोडायची?

झोपिरोस : आता कसं थेट बोललात.

मोस्खिओन : चुकून.

फिलिस्कोस : मेणाचं मला ठाऊक होतं.

मोस्खिओन : काय?

फिलिस्कोस : महिनाभर आधीपासून. तिच्याशी भांडायची छाती झाली नाही. तुझा हातोडा पडला तेव्हा खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. मग लाज वाटली. लाजेपेक्षा राग बरा, म्हणून तोच धरून बसलो.

मोस्खिओन : गाढवा. सहा महिने माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये.

फिलिस्कोस : उतरतोय की. पोट दिसतंय.

झोपिरोस : तेवढं मात्र दगडावर कोरायला माझी हरकत नाही.

मोस्खिओन : तू गप रे. फिलिस्कोस, पायाशी ती टोपली कसली?

फिलिस्कोस : मिर्तिसने दिलीये, तुझ्यासाठी. सकाळपासून घेऊन फिरतोय, द्यायला धीर होत नव्हता. म्हणाली, नव्या मापाने सुकी अंजिरं शिगोशीग भरलीत. त्या माणसाला सांगा, आधी मोजून घे आणि मगच खा.

मोस्खिओन : वहिनींनी? आण इकडे.

झोपिरोस : माझं घरचं माप त्या खुंटीला टांगलंय, हवं तर घ्या.

मोस्खिओन : (तोंडात अंजीर) राहू दे. तू कोरायला घे.