वरून खाली, आतून बाहेर

…आणि हे मला म्हणतात, ‘तू फक्त हात बांधून बस!’ मला! जिने स्वतःच्या लग्नाच्या दिवशी, गळ्यात हार असताना, वाकून गालिच्यावरचा दोरा उचलला होता, त्या मला! तुम्हाला सांगते, माणसाने एक वेळ खोटं बोलावं, शेजाऱ्याचं वर्तमानपत्र ढापावं, पण जाणूनबुजून स्वतःच्या घरात पसारा करू नये. त्याची शिक्षा याच जन्मी मिळते. मला मिळाली. कशी मिळाली ते ऐका, आणि ऐकताना कृपा करून पाय त्या पायपुसण्यावर ठेवा, बाजूला नको, त्याच्यावर! ते शोभेला अंथरलेलं नाही.

तर आमचं घर भाड्याचं. आमची मुलगी ज्या खिडकीचे गज धरून उभी राहायला शिकली, ती खिडकी भाड्याची. घरमालक परगावी. त्याने कधी त्या खिडकीची कडी उघडलेली नाही, पण एके दिवशी फोन आला, आवाजात नुसती साखर! ‘काकू, घर विकायला काढतोय हं. पण तुम्ही काळजी करू नका, तुम्ही इतकं लख्ख ठेवलंय ना, की गिऱ्हाईक बघताक्षणी हो म्हणेल!’

ऐकलंत? काळजी करू नका! म्हणजे मी घासघासून घर चकचकीत करायचं, ते चकचकीत आहे म्हणून यानं विकायचं, आणि विकलं म्हणून मी त्यातून निघायचं! अहो, घर भाड्याचं, मान्य. भिंती त्याच्या, छत त्याचं. पण धूळ? धूळ तर माझी होती ना? रोज येत होती, रोज मी काढत होते, इतक्या वर्षांचा आमचा दोघींचा घरोबा, त्यात हा कोण मधे येणारा?

आणि मी काढायची म्हणजे कशी, तेही सांगते, कारण हल्ली घर आवरणं म्हणजे लोकांना हातात फडकं घेऊन टीव्हीसमोरून दोनदा फिरणं वाटतं. त्याला नियम असतो! वरून खाली, कोरडं आधी, ओलं मागाहून, आणि आतून बाहेर! पाठ करा. लोक काय करतात? आधी फरशी पुसतात, मग त्यांना आठवतो पंखा! मग पंख्याची धूळ येते ओल्या फरशीवर, तिचा होतो चिखल, आणि मग म्हणतात, ‘कितीही केलं तरी घर स्वच्छ दिसतच नाही हो!’ कसं दिसेल? तुम्ही घर पुसलं नाहीत, सारवलंत! आणि पुसायचं ते आतल्या खोलीपासून, मागे मागे सरकत, दाराबाहेर निघेपर्यंत. नाहीतर गत आमच्या यांच्यासारखी होते. यांनी एकदा हौसेनं फरशी पुसायला घेतली, दारापासून सुरुवात केली आणि पुसत पुसत गेले आतल्या कोपऱ्यात. सगळीकडे ओलं! मग तिथेच उभे, एका पायावर, बगळ्यासारखे. वर मला विचारतात, ‘आता गं?’ म्हटलं, आता काय? फरशी वाळेपर्यंत मासे धरा!

अशा माणसाच्या डोक्यातून ती युक्ती निघाली, आणि मी ऐकली. माझीच मती फिरली, दुसरं काय!

चहा पिता पिता हे म्हणाले, ‘अगं, घर विकलं जाऊ नये असं वाटतं ना तुला? मग ते घेण्यासारखं दिसताच कामा नये! गिऱ्हाईक यायचं असलं, की आपण पसारा मांडायचा. चार माणसं नाकाला रुमाल लावून परत गेली, की मालक कंटाळेल, आणि आपण इथेच. करायचं सगळं मी. तू फक्त हात बांधून बस!’

तुम्हाला सांगते, उभ्या संसारात या माणसाला मी इतक्या आनंदात कधी पाहिलं नव्हतं. लग्नात नाही, बढती मिळाली तेव्हा नाही! ज्या गोष्टीची आयुष्यभर बंदी, तिचा एकदम परवानाच मिळाला की हो! पहिलं गिऱ्हाईक यायच्या दिवशी सकाळपासून तयारी. ओला टॉवेल सोफ्यावर. पायमोजे… पायमोजे कुठे असावेत? पायात, नाहीतर धुण्यात. यांनी एक ठेवला पुस्तकांच्या कपाटात आणि दुसरा दिव्याच्या टोपीवर! वर मागे सरून, मान तिरकी करून बघतात, चित्रकार बघतो तसे. ‘इथे काहीतरी कमी वाटतंय,’ म्हणाले, आणि टीपॉयवर चहाच्या कपाचे गोल उठवले, एकात एक! पडदे ओढून घेतले, कपाटाची दारं उघडी टाकली, आणि न्हाणीघरातलं फडकं… शब्द उच्चारवत नाही… न्हाणीघरातलं फडकं स्वयंपाकाच्या ओट्यावर टाकलं! मी किंचाळले. हे म्हणाले, ‘हात बांधून बस!’

दलाल आला. याला मी गुळगुळीत म्हणते. केस गुळगुळीत, बूट गुळगुळीत, जीभ तर विचारूच नका. मागे एक जाडजूड जोडपं. ‘या सर, या मॅडम, हा आपला हॉल, बघा किती उजेड…’ आणि उजेड शोधायला लागला. उजेड कुठला? पडद्याआड! मॅडमचा पाय पडला वर्तमानपत्रावर, वर्तमानपत्र गेलं पुढे, मॅडम राहिल्या मागे! सरांनी स्वयंपाकघरात डोकं घातलं, ते काढलं, घड्याळात बघितलं, आणि ‘आम्ही कळवतो’ म्हणून असे जिना उतरले, की खालच्या दाराचा आवाज वर आला. हे बागडायला लागले! ‘बघितलंस? बघितलंस?’

बघितलं. आणि मग आवरलं कुणी? मी! वरून खाली, कोरडं आधी, ओलं मागाहून, आतून बाहेर! दुसरं गिऱ्हाईक आलं, यांनी विस्कटलं, मी आवरलं. तिसरं आलं, यांनी विस्कटलं, मी आवरलं. अहो, समुद्राच्या काठी वाळू झाडत बसल्यासारखं झालं माझं! बरं, घर राहणार असेल तर तेही सोसलं असतं. पण त्या गुळगुळीताची जीभ! जाता जाता मला म्हणतो, ‘काकू, तब्येत बरी नसते का हल्ली? कामाला कुणी मिळत नाही का?’ आणि हे तो जिन्यात म्हणतो. आणि जिन्याला कान असतात! दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची भेटली. ही बाई, जिच्या दारात गेल्या पावसाळ्यातली छत्री अजून वाळते आहे, ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणते, ‘कळलं हो… वय झालं की होत नाही. माणसानं मनाला लावून घेऊ नये.’

मी मनाला लावून घेऊ नये! हिने! मला!

घरी येऊन म्हटलं, ‘अहो, पुरे झालं हे. माझी अब्रू चाललीय.’ तर म्हणतात, ‘अब्रू हवी की घर?’ मी फडकं उचललं आणि ओटा पुसायला लागले. शेवटी घरच हवं होतं ना! सकाळी त्या खिडकीत उभं राहून चहा प्यायचा होता मला, मरेपर्यंत. जास्त काही मागत नव्हते.

आणि मग ती दोघं आली.

तरुण पोरं. ती चष्मेवाली, बारीकशी, आणि तिचा नवरा, हातात मोजायची फीत, जिथे तिथे भिंतीला लावतोय. त्या दिवशी यांनी अगदी कळस केला होता. जमिनीवर पिठाचा डबा ‘चुकून’ सांडलेला, पंख्यावर मुद्दाम तशीच ठेवलेली धूळ, माझ्या हातापाया पडून ठेवलेली, आणि आरशावर पाच बोटं! मी कोपऱ्यात खुर्चीवर, दोन्ही हात मांडीखाली दाबून. हो, बांधून भागत नव्हतं!

ती पोरगी सगळं बघत होती. नाक मुरडलं नाही, रुमाल काढला नाही. गुणाची पोर. आणि मग नवऱ्याच्या कानाशी लागून, इतक्या मायेनं, इतक्या हळू म्हणाली… पण माझे कान अजून शाबूत आहेत… म्हणाली, ‘बिचाऱ्या काकू! त्यांना माहीतच नसेल ना, कसं आवरायचं ते.’

माहीत नसेल?

‘जमत नसेल’ म्हणाली असती, गिळलं असतं. ‘आळशी आहेत’ म्हणाली असती, तेही गिळलं असतं, घरासाठी! पण माहीत नसेल? मला? माझे हात मांडीखालून कधी सुटले मला कळलं नाही. मी उभी राहिले. हे खोकले. मी पदर खोचला. हे आणखी जोरात खोकले. मी म्हटलं, ‘ए पोरी, इकडे ये. आणि तू रे, ती फीत खिशात घाल आणि स्टूल धर!’

मग काय विचारता! उशीचा जुना अभ्रा आणला, पंख्याच्या पात्यावर चढवला आणि ओढला बाहेर. धूळ अभ्र्यात! खाली कण नाही. ‘बघितलंस? फडक्यानं पुसलास तर सगळी तुझ्या डोळ्यात येईल. वरून खाली! म्हण!’ ती म्हणाली, ‘वरून खाली!’ ‘पीठ सांडलंय ना? पाणी घालायचं नाही, खळ होईल! झाडून घ्यायचं. कोरडं आधी!’ ‘ओलं मागाहून!’ हे तो स्टूल धरलेला म्हणाला, न विचारता! मोरीवर खायचा सोडा टाकला, नळ लिंबाच्या सालीनं घासायला दिला. कुणाला? गुळगुळीताला! ‘काकू, माझा सूट…’ ‘बाह्या वर कर!’ आणि न्हाणीघराचं फडकं न्हाणीघरात, ओट्याचं ओट्यावर, दोघांची सोयरीक या जन्मी व्हायची नाही! हे माझ्या मागे मागे, भुवया उडवतायत, डोळे वटारतायत, शेवटी चक्क पायावर पाय दिला. मी म्हटलं, ‘अहो, पायमोजे उचला आधी!’

शेवटी खिडकी. पडदे ओढले, काचांवर पाणी शिंपडलं आणि जुन्या वर्तमानपत्राचा बोळा गोल गोल फिरवला. आणि तुम्हाला सांगते… ऊन आत आलं. ते काही आलं असं नाही, ते सांडलं! फरशीवर, भिंतीवर, थेट आतल्या दारापर्यंत. गुळगुळीतही नळ सोडून बघायला आला. मीसुद्धा बोळा हातात घेऊन नुसती बघत उभी. इतक्या वर्षांत मी त्या खोलीला असं परक्यासारखं कधी बघितलंच नव्हतं हो. काय देखणी होती!

त्या पोरीनं चपला काढल्या, उन्हाच्या चौकोनात अनवाणी उभी राहिली, आणि म्हणाली, ‘आपल्याला हेच घर हवं.’

गुळगुळीतानं लिंबाची साल हातात धरूनच मालकाला फोन लावला.

हे सोफ्यावर बसले, सकाळी स्वतःच टाकलेल्या ओल्या टॉवेलवरच. म्हणाले, ‘झालं? दाखवलंस?’ दुसऱ्याचं घर स्वतःच्या हाताने घासून, पुसून, गिऱ्हाइकाला शिकवणीसकट विकणारी भाडेकरीण तुम्ही कुठे बघितली आहे का? बघून घ्या.

निघायचा दिवस आला. सामान गेलं. घर रिकामं, हाक मारली तर हाक परत यायची. हे म्हणाले, ‘चल.’ म्हटलं, ‘चल काय? फरशी कोण पुसणार?’ असे भडकले! ‘अगं, आता त्यांचं घर! त्यांचं ते पुसतील!’ ‘ते पुसतील तेव्हा पुसतील. माझ्यामागे कुणी म्हणायला नको, बिचाऱ्या काकूंना माहीतच नव्हतं!’ हे पाय आपटत कुठेतरी आत निघून गेले.

मी पदर खोचला. वरून खाली… जाळी जळमटं नव्हतीच, तरी काढली. कोरडं आधी… झाडून घेतलं. ओलं मागाहून… बादली भरली. आणि आतून बाहेर. आतल्या खोलीच्या उंबऱ्यापासून मागे मागे सरकत निघाले. स्वयंपाकघर झालं. हॉल झाला. त्या खिडकीखालची फरशी जरा दोनदा पुसली, असू दे. आणि मागे मागे सरकता सरकता पाठीला कठडा लागला. बघते तो काय, मी जिन्यात! बादली, फडकं आणि मी, तिघी बाहेर. समोर घर, ओलं, चमकणारं, आणि आता पाऊल टाकायची सोय नाही. मालकानं नाही हो काढलं मला, दलालानं नाही, त्या पोरीनंही नाही. माझ्याच नियमानं, मीच मला पुसत पुसत घराबाहेर काढलं!

रडू येणार होतं. अगदी आलंच होतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, ‘अगं… मी आत राहिलोय. खिडकी बंद करायला आलो होतो… आता गं?’

मी डोळे पुसले आणि ओरडले, ‘खबरदार पाऊल टाकलंत तर! फरशी ओली आहे!’

‘मग काय करू?’

‘वाळेपर्यंत तिथेच उभे राहा,’ म्हटलं. ‘आपल्यापैकी एकाला तरी राहू दे त्या घरात!’