वरळीला जायचंय

लालबागच्या गॅरेजबाहेर मेघना पंक्चर निघायची वाट बघत बाकावर बसली होती. शेजारी साठीच्या एक बाई होत्या, सोबत त्यांचा मुलगा. मेकॅनिक शिवा त्यांची जुनी स्कूटर खोलून बसला होता.

“काकी, कार्बोरेटरमध्ये कचरा झालाय. साफ करून देऊ, की नवीन टाकू? नवीन मागवायला आठ-दहा दिवस जातील.”

“नवीनच टाक, शिवा. आईला काही घाई नाही.”

“घाई आहे. साफ कर रे बाबा, मी बसलेय इथे.”

“आई, परत बंद पडेल.”

“पडली तर परत आणीन.”

“दहा दिवस घरी बसलीस तर काय बिघडेल?”

“उन्मेष, तुला कार्बोरेटर बदलायचा नाहीये. तुला मला वरळीला जाऊ द्यायचं नाहीये.”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

मेघनाने मोबाईलमध्ये डोकं घातलं.

“ऐकू देत. गंगाधर कांबळी त्यांचं नाव. मला आवडतात.”

“या वयात शोभतं का हे?”

“शोभायचं वय होतं तेव्हा तुझे बाबा गेले, आणि तू शाळेत होतास.”

“चाळीत लोक विचारतात, त्यांना मी काय सांगू?”

“माझ्याकडे पाठव.”

“आई, प्लीज. त्यांना फोन करून सांग, आज येत नाही म्हणून.”

बाईंनी फोन लावला.

“गंगाधर, कार्बोरेटर साफ करतायत, उशीर होईल. जेवायला थांबा. आणि हो, रविवारी तुम्हीच या आमच्याकडे. मुलगा घरी आहे.”