जमिनीखालचे हक्क

सही मागायला गेलो आणि जमीन लाटणारा ठरलो, हे तुम्हाला सांगितलं का? आठवीत शाळा सुटल्यावर मी ज्या पुस्तकातून विज्ञान शिकलो, ते 'आपल्या जमिनीखाली' आता कुठेच मिळत नाही. आमच्या वाचनालयाला ते पुन्हा छापायचं होतं. लिहिणारे मास्तर वारलेत, म्हणून मी शेलार गावी त्यांच्या दोन मुलांकडे गेलो. बोलायची लाज वाटते, म्हणून नुसता अर्ज पुढे केला: 'आपल्या जमिनीखालीचे हक्क द्यावेत.'

थोरले भडकले. "जमिनीवर गोदामवाले बसलेत, आता खालचं पन पायजे? कोन्त्या पार्टीनं धाडलाय तुला?"

"दादा, पुस्तक आहे ते. तुमच्या वडिलांचं."

"बाबांनी पुस्तक लिवलंय?" धाकट्यांनी विचारलं.

मी पिशवीतून आमची एकुलती एक प्रत काढली. थोरले हसले आणि सहीला वाकले, तेवढ्यात धाकटे म्हणाले, "दादा, थांब. आपला सर्वे नंबर न्हाय ना यात, बघून घे."

दोघे पान न् पान तपासत बसले. नंबर निघाला नाही, तेव्हा कुठे सही मिळाली. बापाचं पुस्तक त्यांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिलं, आणि त्यात आपलं काहीच नाही म्हणून खूश झाले.