उसन्या भुवया

सक्करदऱ्याच्या बसमध्ये पुढच्या सीटवर भाऊ-बहीण बसले होते.

"सुगत, कपाळ पुसू नको गा. आत्ताच तर काजळानं भुवया काढल्या."

"डोळ्यात उतरून राहिलं, ताई. पोरगी म्हणेल, हा मले पाहाले आला का रडाले?"

"जुने मोबाइल वितळवता वितळवता भट्टीनं भुवया खाल्ल्या, हे सांगशील का तिले?"

"भट्टीतून सोनंही निघते, हे सांगीन. फक्त माह्या अंगाले लागत नाही म्हणून."

"अन् ती नाही म्हणाली तं?"

"काजळ पाहून हो म्हणाली, तं रोज सकाळी तू येशील का काढाले?"

ताईने रुमाल दिला. सुगतने काजळाच्या दोन्ही भुवया पुसून टाकल्या.

"आता कसा दिसून राहिलो वं?"

"भट्टीतून आत्ताच काढल्यासारखा."

"मग बरोबर. चाल, स्टॉप आला."