हार्वेस्टरला ओवाळलं तेव्हा

शहाद्याच्या स्टँडवर म्हसावदची गाडी अजून लागायची होती. मागच्या बाकावरची म्हातारी शेजारच्या कॉलेजच्या पोरीला तिच्या पुस्तकातल्या चित्राबद्दल खोदून खोदून विचारत होती, आणि चेतनाचे कान तिकडेच लागले होते.

“तबस्सुम, या फोटोमा कोन शेतस व?”

“इंग्लंडना मजूर, मावशी. दोनशेक वरीस पहिले त्यास्नी मळणीन्या मशिनी तोड्यात. सरकारनी त्यास्ले सजा म्हनीसन जहाजमा घालीसन ऑस्ट्रेलियाले धाडी दिनं.”

“पन काब्र तोड्यात?”

“हिवाळाभर मजूर खळावर मळणी करेत. मशीन उनं नि काम गयं.”

“आमना गावमा हार्वेस्टर उनं, तवय मीच त्याले कुकू लायं, ओवाळं, नारय फोडं.”

“मंग काम ऱ्हायनं का?”

“कसानं ऱ्हास! त्या मजूरस्ले कितला वरीसनी सजा?”

“कोनले सात, कोनले चौदा. मंग माफी बी भेटनी.”

“म्हंजे घर उनात?”

“थोडाच जन उनात. येवानं भाडं कोनी दिनं नही.”

म्हसावदची गाडी लागली. चेतना उठली, पण त्याच गाडीची वाट पाहणारी म्हातारी जागची हलली नाही.

“मन्हा पोऱ्या नवनीतनी त काहीच तोडं नही व. त्याले कामसाठे सुरत जाईसन आठवं वरीस शे.”